काढलेलं पंक्चर

एप्रिल लागला की आमच्या इमारतीतल्या सायकली केलरमधून वर येतात. सहा महिने तळघरात उभ्या राहून त्यांच्या चाकांतली हवा गेलेली असते, सीटवर धुळीचा थर असतो, आणि पहिल्या उन्हाच्या शनिवारी सगळे भाडेकरू ठरवून आल्यासारखे पंप घेऊन अंगणात उतरतात. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त शिक्षक बादलीत ट्यूब बुडवून बुडबुडे शोधत बसतात. मी चहाचा कप घेऊन खिडकीत उभी राहते आणि त्यांच्या चुका बघते. सोल्युशन ओलं असतानाच ते ठिगळ चिकटवतात. दर वर्षी. दोन दिवसांनी ठिगळ सुटतं आणि ते पुन्हा बादली घेऊन बसतात. खाली जाऊन सांगितलं तर दोन मिनिटांचं काम आहे. मी जात नाही. माझी स्वतःची सायकल पंक्चर झाली तर मी ती दुकानात टाकते आणि दुकानदार सरळ नवी ट्यूब घालून देतो.

माझ्या वडिलांचं पंक्चरचं दुकान आहे. हिंगोलीत, एसटी स्टँडच्या समोर, रसवंतीला लागून. इथे रेगेन्सबर्गमध्ये, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून हे वाक्य लिहिताना मला काहीच अडचण आली नाही. पाच वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात ते मला बोलता आलं नाही. तो उन्हाळा दर एप्रिलला केलरमधल्या सायकलींच्या मागोमाग वर येतो, आणि माझा आठवडा नासवून जातो.

मराठीत आपण पंक्चर काढतो. दात काढावा, काटा काढावा, तसं. जणू चिमटीत धरून ओढलं की ते बाहेरच येणार आहे. जर्मन लोक काढत नाहीत, ते 'फ्लिकन' म्हणतात, म्हणजे ठिगळ लावणं. पहिल्या वर्षी मी कायझर्सलाउटर्नला डॉक्टरेटसाठी आले तेव्हा मोडक्या जर्मनमध्ये शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला सांगितलं होतं की काल मी सायकलमधून भोक बाहेर काढलं. तो गंभीरपणे म्हणाला, "मग आता ते ठेवलं कुठे आहेस?" आम्ही दोघं पोट धरून हसलो होतो. आता हसू येत नाही, कारण भाषेपुरतं बोलायचं तर त्यांचंच खरं आहे. भोक कुठेही जात नाही. वरून रबर बसतं, हवा टिकते आणि आपण म्हणतो, काढलं.

आबांचं दुकान म्हणजे चार पत्रे, एक लाकडी पेटी, पाण्याचं लोखंडी घमेलं आणि रस्त्याच्या कडेला उभा करून ठेवलेला एक जुना टायर. तो टायर हीच पाटी. दहावीपर्यंत शाळा सुटली की मी तिथेच पोत्यावर बसून अभ्यास करायची आणि गर्दी झाली की हात लावायची. घमेल्यातलं पाणी दुपारपर्यंत काळं व्हायचं. सोल्युशनचा गोडसर, डोक्यात जाणारा वास माझ्या दप्तराला, वह्यांना, अगदी डब्यातल्या पोळीलासुद्धा असायचा. आबांचे नियम तीनच होते आणि ते तिन्ही त्यांनी ओरडून शिकवले. एक भोक गावलं म्हणून उठायचं नाही, पुरी ट्यूब पाण्यातून फिरवायची. सोल्युशन हाताला चिकटेनासं झाल्याशिवाय ठिगळ लावायचं नाही. आणि ट्यूब आत घालण्याआधी टायरच्या आतून बोटं फिरवायची. "काटा आतच राहिला त पंक्चर काढून काय उपेग?" असं ते म्हणायचे. या तीन नियमांवर त्यांनी आम्हा दोन भावंडांना शिकवलं. मी पुढे इंजिनिअर झाले, शिष्यवृत्ती मिळाली, विमानात बसले. गावात आबांनी पेढे वाटले, आणि पेढ्यांनाही सोल्युशनचा वास होता असं आमचे शेजारी अजून सांगतात.

कायझर्सलाउटर्नमधला तो उन्हाळा फुटबॉलच्या वर्ल्डकपचा होता. मॅच संपली की लोक रस्त्यावर उतरायचे, आणि सकाळी सायकलच्या वाटांवर बिअरच्या बाटल्यांच्या हिरव्या-तपकिरी काचा पसरलेल्या असायच्या. जर्मनी जिंकत गेली आणि सायकली पंक्चर होत गेल्या. लिंडनची झाडं फुलली होती, त्यांचा चिकट मध खाली उभ्या गाड्यांवर गळायचा, ग्रिलचा धूर गॅलऱ्यांतून निघायचा, आणि जेवणं उरकली तरी बाहेर ऊन असायचं. मला त्या उन्हाची चटक लागली होती. खरं तर त्या सगळ्याचीच चटक लागली होती. कोणी विचारत नाही तू कोण, आणि विचारलंच तर 'डॉक्टरांडिन', म्हणजे डॉक्टरेट करणारी, एवढं म्हटलं की पुरतं.

विचारायचे ते आपलेच लोक. अनघाताई पुण्याची, माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठी, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करणारी, मनाने मोकळी. रविवारी तिच्या घरी आम्हा मराठी विद्यार्थ्यांचा अड्डा असायचा. त्या उन्हाळ्यात तिच्या सासूबाई तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. आम्ही त्यांना काकू म्हणायचो. पहिल्याच भेटीत काकूंनी माझ्या ताटात पुरणपोळी वाढता वाढता आडनाव विचारलं. "मोरे," मी म्हणाले. "म्हणजे कुठले मोरे?" "हिंगोलीचे." काकूंनी आणखी थोडं तूप वाढलं आणि वाट पाहिली. मोरे सगळ्यांत असतात, त्यामुळे त्यांना पुढे काही कळेना आणि मी काही कळू देईना. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मी मनात म्हणाले आणि पोळी खाल्ली. चांगली झाली होती.

जूनमध्ये एकदा अनघाताई आणि मी सायकलवरून तळ्याकडे निघालो असताना तिचं मागचं चाक बसलं. माझ्या पिशवीत पंक्चरची डबी होती. इथे ती कुठेही मिळते, त्यात कानशीऐवजी पॉलिश पेपरचा तुकडा असतो, कडेला नारिंगी पट्टी असलेली ठिगळं असतात आणि एक बोटभर ट्यूब, जिच्यावर 'फुल्कानिझीरल्योझुंग' असं वीतभर नाव असतं. ल्योझुंग म्हणजे सोल्युशन. आबांचा शब्द जर्मन कपडे घालून बसला होता. मी रस्त्याकडेच्या बाकाशी सायकल उलटी केली, काच शोधली, भोक घासलं, सोल्युशन लावलं आणि थांबले.

"लाव ना आता," अनघाताई म्हणाली.

"वाळू दे."

पंधरा मिनिटांत आम्ही पुन्हा रस्त्याला लागलो. "आल्झो, यू आर अमेझिंग," ती तिच्या जर्मन-इंग्रजी मिसळलेल्या मराठीत म्हणाली. "मी सरळ नवीन ट्यूब ऑर्डर करणार होते. कुठे शिकलीस गं तू हे?"

"यूट्यूबवर," मी म्हणाले.

हे पहिलं खोटं. ते कुणाला लागलं नाही, कुणी वळूनही पाहिलं नाही. तोंडातून निघालं तेव्हा मला तर ते विनोदीच वाटलं होतं.

मग काय, रविवारी जेवणं झाली की अनघाताईच्या इमारतीच्या अंगणात माझ्यापुढे सायकलींची रांग लागायची. खोटं नाही सांगत, मला फार आनंद व्हायचा. चार वर्षं मी कागदावर समीकरणं लिहीत होते, ज्यांतलं एकही कधी धड सुटलेलं दिसलं नव्हतं. इथे बादलीत बुडबुडा दिसायचा, बोट ठेवलं की थांबायचा. माझे हात आबांसारखे चालायचे, अंगठा त्यांच्याचसारखा वाकायचा. अनघाताईची सात वर्षांची सई शेजारी उकिडवी बसून बघायची. तिला मराठी कळायचं, पण उत्तर जर्मनमध्येच यायचं. "पापा कान डास निष्ट," ती एकदा म्हणाली, पप्पांना हे येत नाही, आणि सगळे हसले.

त्याच हसण्यात काकू म्हणाल्या, "काय सराईत हात आहे गं तुझा. एखाद्या पंक्चरवाल्याची पोर शोभशील."

त्यांच्या मनात काही नव्हतं, हे मी आज शपथेवर सांगेन. पण चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं, कळलं यांना. कोणी सांगितलं, कधी सांगितलं, आता आडनावाचंही कळलं असणार, आता पुढच्या रविवारी काय. माझ्या हातात ट्यूब होती, तिच्यातली हवा माझ्या बोटांखालून जात होती, आणि मी अंगणभर ऐकू जाईल असं हसून म्हणाले, "काहीतरीच काय काकू. माझे बाबा एसटीत आहेत."

आबांना मी जन्मात कधी बाबा म्हटलेलं नाही. आणि दुकान एसटीच्या समोर होतं. 'समोर' एवढाच एक शब्द मी गिळला. बाकी वाक्य खरंच होतं, असं मी घरी जाताना स्वतःला सांगत होते. शिकलीसवरलेली माणसं खोटं बोलतात ते असं, जमेल तेवढं खरं शिल्लक ठेवून.

आबांचा फोन रविवारीच यायचा. मी पंक्चर काढते हे मीच त्यांना कौतुकाने सांगितलं होतं. ते किती तरी वेळ हसत राहिले. मग त्यांनी विचारलं, "सांगितलंस का मंग त्या लोकायला, कोनी शिकवलं ते?"

"सांगितलं ना आबा."

"काय म्हनले?"

मी काय म्हणणार? म्हणाले, "ते म्हणाले, तुझ्या वडिलांचा हात फार चांगला असणार." आबांनी मला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. दुसऱ्या दिवशी ते स्टँडवरच्या कंडक्टरांना, रसवंतीवाल्याला, पेपरच्या एजंटला सांगून झालं होतं, हे मला माझ्या भावाकडून कळलं. जर्मनीतले लोक आपल्या हाताला नावाजतात. पुढच्या रविवारी त्यांनी पुन्हा विचारलं, "या हप्त्यात काय म्हनले?" आणि मी पुन्हा काहीतरी रचलं. दर रविवारी दुपारी अंगणात एक आणि फोनवर दुसरं. ओळखीच्या कुणाला इतकं खोटं रचताना मी पाहिलं असतं तर त्याच्याशी बोलणं सोडलं असतं.

आणखी एक गोष्ट लिहूनच टाकते. आबा फोन ठेवताना 'जयभीम' म्हणतात आणि आपण परत म्हणेपर्यंत थांबतात. अनघाताईच्या स्वयंपाकघरात उभी असले की मी 'हो, ठेवते' म्हणायची. तिकडे ते क्षणभर थांबलेले मला ऐकू यायचे. मग फोन बंद व्हायचा.

सप्टेंबरात काकू पुण्याला परतल्या. जाताना मला जवळ घेऊन रडल्या, लग्नाला बोलव म्हणाल्या. ऑक्टोबरात अनघाताईचा नवरा आठवडाभर पुण्याला जाणार होता आणि येताना माझ्यासाठी दोन किलो सामान आणीन म्हणाला. मी आबांना काकूंचा पत्ता दिला आणि चटणी कुरिअरने पाठवायला सांगितलं. चूक ही झाली. कुरिअरवाले डबा फोडतात म्हणून आबा स्वतः एसटीने पुण्याला गेले. एवढ्या लांबच्या प्रवासाला. मला न सांगता, कारण मी नाही म्हणाले असते.

हे मला अनघाताईकडून कळलं. ती डबा माझ्या हातात देत म्हणाली, "अगं, तुझे बाबा स्वतः आले होते घरी. अहो आई सांगत होत्या, किती साधे, किती डीसेंट. चहा पण अर्धाच घेतला म्हणे. आईंनी विचारलं, एसटीत कुठल्या डिपार्टमेंटला होतात? तर म्हणाले, वर्कशॉपला, टायर सेक्शनला. गेनाऊ, आत्ता कळलं मला तुला हे सगळं कसं येतं ते. आणि तू म्हणे यूट्यूब."

ती हसली. मीही हसले असेन. तो डबा किती जड होता ते मला आठवतं.

आबांना विचार करायला किती वेळ मिळाला असेल, याचा हिशेब मी पाच वर्षं करते आहे. समोर अनोळखी बाई, स्वच्छ दिवाणखाना, हातात कपबशी. एसटीत कुठल्या डिपार्टमेंटला होतात? त्या एका प्रश्नात त्यांना सगळं कळलं असणार. दर रविवारी मी सांगितलेलं, नावाजलेला हात, सगळं. आणि तरी त्यांनी मला उघडं पाडलं नाही. पांढरा शर्ट घालता येतो, चपला पुसता येतात, पण नखांच्या कडांतलं आणि तळव्याच्या रेषांतलं काळं चाळीस वर्षांचं आहे, ते धुतलं जात नाही. हात लपवता येईनात, म्हणून त्यांनी टायर सेक्शन निवडला. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाने पहिल्याच फटक्यात माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं ठिगळ लावलं. मला याचा अभिमान वाटायला हवा की काय, देव जाणे.

त्या रविवारी फोन आला तेव्हा मी तयारीत होते. ते बोलतील, रागावतील, मग मी रडेन, मग संपेल. आबा म्हणाले, चटणीचा डबा उघडलास का, तेल सुटलं का, जवसाची वेगळी बांधली होती. पुण्यात गारठा होता. बस वेळेवर होती. बस, एवढंच. त्या दिवसापासून त्यांनी पंक्चरचा विषय काढला नाही, 'काय म्हनले' विचारलं नाही. आणि शेवटी, जयभीम म्हणायच्या आधी विचारलं, "आजूबाजूला कोनी हाय का?" मी एकटी होते. तरी मला उत्तर देता आलं नाही, आणि ते म्हणाले, "बरं, ठेवतो."

आता कोणी विचारेल, सांगितलं असतं तर काय झालं असतं? काही झालं नसतं. तीच तर जळजळ आहे. अनघाताईने मला मिठी मारली असती. काकूंनी डोळे पुसले असते, म्हणाल्या असत्या, किती कष्टातून वर आलीस गं बाई. आणि मग पुढच्या रविवारी ताट वाढताना त्यांच्या नजरेत तो एक नवा मायाळूपणा आला असता, जो मी शाळेत, हॉस्टेलवर, कॉलेजात खूप पाहिला आहे. त्या मायेने माणूस बुटका होतो. मला अपमानाची भीती नव्हती, मला त्या कौतुकाची भीती होती. पण हे कारण कितीही खरं असलं तरी ते माझं कारण आहे, आबांचं नाही. माझ्या ताठ मानेसाठी मी त्यांची मान वाकवली.

गेल्या वर्षी जिन्यात तिसऱ्या मजल्यावरच्या शिक्षकांना मी सांगून बसले की माझे वडील सायकली दुरुस्त करतात. जर्मनमध्ये. ते म्हणाले, "आख, श्योन. हांडवेर्क." हस्तकौशल्य, फार छान. आणि पिशव्या घेऊन वर गेले. जर्मनमध्ये त्या वाक्याला काही वजनच नाही, ते कुणालाही देता येतं. मराठीत ते अजून माझ्या दातांमागे आहे.

माझं लग्न ठरलं ते त्या उन्हाळ्याच्या पुढच्या वर्षी. नितीन नागपूरचा, आमच्यातलाच, रेगेन्सबर्गला गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर. तो पहिल्यांदा हिंगोलीला गेला तेव्हा घरी न जाता सरळ दुकानात गेला आणि पोत्यावर बसून आबांशी दोन तास बोलला. मी त्याच्यावर भाळले ती तिथेच. जानेवारीत लग्न होतं आणि नोव्हेंबरात आबांनी पाठवलेलं पत्रिकांचं पुडकं कायझर्सलाउटर्नला आलं. नितीन त्या शनिवारी माझ्याकडे आला होता. आम्ही ते टेबलावर उघडलं.

आत दोन गठ्ठे होते, वेगवेगळ्या रबरांनी बांधलेले. एक लहान, सहा-सात पत्रिकांचा. त्यावर वरच्या बाजूला तथागतांची तसबीर, खाली आबांचं नाव, बस. दुसरा गठ्ठा पंचवीसचा. कागद जास्त जाड, गुळगुळीत. तसबिरीच्या जागी गुलाबाचं फूल. आणि आबांच्या नावाखाली बारीक अक्षरात एक ओळ, 'सेवानिवृत्त, एस. टी. वर्कशॉप'.

मी लगेच फोन लावला. आबा दुकानातच होते, मागून कुणीतरी हवा भरत असल्याचा आवाज येत होता. "ती वेगळी छापून घेतली," ते म्हणाले. "तुझ्या तिकडच्या लोकायसाठी. गावात ती चालायची न्हाई, हसतील." मग विचारलं, "बरोबर लिव्हलंय ना? मी त्या बाईला वर्कशॉपच म्हनलो होतो."

"बरोबर आहे, आबा," मी म्हणाले.

नितीनने ऐकलं होतं. त्याने जाड गठ्ठा उचलून माझ्यासमोर ठेवला. "यातली एकही देऊ नकोस," तो म्हणाला. "दुसरी दे. नाहीतर कुणालाच देऊ नको, तोंडी सांग."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. अनघाताईने पत्रिका दोन्ही हातांत धरून वाचली, जाड, गुळगुळीत कागदावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, किती सोबर आहे गं, बाबांची चॉइस छान आहे. काकूंसाठी म्हणून तिने आणखी एक मागून घेतली.

पुढच्या आठवड्यात आबांनी विचारलं, "पुरल्या का गं पत्रिका? कमी पडल्या असतील त अजून छापतो."

"पुरल्या, आबा," मी म्हणाले. "एकही उरली नाही."